तीन भिंतींचं घर

लेकीचा फोन आला की मिस्त्री बायकोला खेटून बसायचे आणि तिच्या गुडघ्यावर बोट ठेवायचे. आता या वयात हे काय, असं कुणालाही वाटेल. पण त्यात लाडिकपणा काही नव्हता, ते कामाचं बोट होतं. फोनच्या पडद्यावर नातीनं काही दाखवलं की मिस्त्रींनी एक टिचकी मारायची आणि बाईंनी म्हणायचं, "अगंबाई, किती छान!" दोन टिचक्या म्हणजे हसायचं. बोट दाबून धरलं म्हणजे गप्प बसायचं, विषय मी सांभाळतो.

कारण बाईंना दिसत नव्हतं. थंडी सुरू झाली तेव्हा अक्षरं पुसट झाली, थंडी संपेपर्यंत माणसांचे चेहरे गेले, आणि आता खिडकीच्या जागी उजेड आहे एवढंच काय ते कळत होतं. डॉक्टरांनी आडवळणं न घेता सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही. लेकीला मात्र चष्म्याचा नंबर वाढलाय, इतकंच ठाऊक होतं. ती लांब राहते, नोकरी आहे, घरात चार वर्षांची पोर आहे, तिच्या डोक्याला कशाला आणखी ताप, असं दोघं एकमेकांना सांगत. खरं कारण दुसरंच होतं आणि तेही दोघांना ठाऊक होतं.

टिचकीचं काम तसं नामी चाललं होतं. एकदाच घोटाळा झाला. नातीनं फुटलेलं कोपर दाखवलं, मिस्त्री स्वतःच कळवळले आणि त्या गडबडीत बोट आपटलं. बाई झटक्यात म्हणाल्या, "अगंबाई, किती छान!" पलीकडे लेक पोट धरून हसली. आई अजून तशीच खवट आहे म्हणाली. इकडे दोघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाई म्हणजे तिकीटबाई. नाटकगृहाच्या खिडकीत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं आणि नाकावर माशी बसू दिली नव्हती. मिस्त्री त्याच नाटकगृहात नेपथ्य उभं करायचे. लाकडाच्या चौकटी, त्यावर ताणलेलं कापड, की झाला राजवाडा. दुसऱ्या दिवशी तेच कापड रंगवलं की झालं कोर्ट. ती खिडकीतून ओरडायची, हा तिच्याशी भांडायला जायचा, आणि भांडता भांडता लग्न झालं. असो.

तर एके दिवशी फोनवर लेक नुसती उड्या मारत होती. डोंगरातल्या तळ्याकाठी तिनं एक लाकडी घर सुट्टीसाठी ठरवलं होतं. जावयांनी रजा टाकली होती. मिस्त्री आणि बाईंनी सरळ तिथंच यायचं होतं. आणि मग ती म्हणाली, "आई, दुपारी भिंगरी तुझ्याकडे हं. आम्ही दोघं होडीतून जाऊ. तिच्या जन्मापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नाही. दुसऱ्या कुणाकडे तिला सोडायला माझा जीव धजत नाही. तुझ्याकडे असली की मला घोर नाही."

भिंगरी म्हणजे ती नात. एका जागी टिकायची नाही म्हणून आजीनंच ठेवलेलं नाव. मिस्त्रींनी बोट दाबून धरलं. बाईंनी त्यांचा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, "आणा की. माझीच आहे ती."

फोन बंद झाल्यावर मिस्त्री खोलीत येरझारा घालायला लागले. हे जमणार नाही, लेकीला आता सांगूया, तिला वाईट वाटेल पण समजून घेईल, असं बरंच बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगा. ती रडत येईल, आपल्याला उचलून तिच्याकडे नेऊन ठेवेल, आणि माझ्या हातात गरम कप द्यायचा की नाही याचा विचार करत बसेल. कप देताना जिला विचार पडेल ती आपली पोर माझ्या ताब्यात देईल? एक आठवडा मला आजी होऊ द्या. नंतर सांगू काय सांगायचं ते."

घरात बाई वावरायच्या ते बघून कुणाचा विश्वास बसला नसता. कपाच्या काठाला बोट लावून चहा ओतायच्या, एक थेंब सांडायचा नाही. चप्पल जागेवर नसली तर शिव्या घालायच्या. नवखा माणूस तासभर बसून गेला तरी त्याला संशय येत नसे, कारण घर त्यांना पाठ होतं. आणि इथंच मिस्त्रींच्या डोक्यात किडा वळवळला. हे घर पाठ आहे म्हणून जमतं. मग ते घर पाठ केलं तर? उभ्या जन्मात त्यांनी दुसरं केलं काय होतं? नसलेली घरं उभी करायची आणि लोकांना खरी वाटायला लावायची. त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, ते घर मी तुला इथंच बांधून देतो. आले मोठे!

पण केलं त्यांनी. उन्हाळ्यात नाटकगृह बंद असे, तालमीचा हॉल रिकामा पडलेला असे आणि किल्ली त्यांच्याकडेच असे. त्यांनी लेकीकडून त्या घराच्या राखणदाराचा नंबर मिळवला आणि त्या बिचाऱ्याचा पिच्छा पुरवला. दारातून आत आलं की टेबल किती लांब? शेगडी कुठल्या हाताला? पलंगाची उंची? कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडतं? राखणदार आधी कौतुकानं सांगायचा. मग टेप घेऊन मोजता मोजता वैतागला आणि म्हणाला, "तुम्ही राहायला येताय की घर उचलून न्यायला?" मिस्त्री खोटं हसले आणि म्हणाले, आमची मंडळी जरा हौशी आहेत.

हॉलमध्ये कापडी भिंती उभ्या राहिल्या. मागची भिंत, तिच्यात दार. डावीकडची, तिला लागून स्वयंपाकाचा ओटा. उजवीकडची, तिथं पलंग. गोदामातून टेबल आलं, स्टुलं आली, लोखंडी शेगडी आली. जमिनीवर मिस्त्रींनी सुतळी लावून वर चिकटपट्टी मारली, म्हणजे अनवाणी पायाला वाट कळावी. बाई रोज दुपारी यायच्या, चपला काढायच्या आणि चालायला लागायच्या. आधी दोन्ही हात पुढे, मग एक, मग एकही नाही. गुडघे आपटले, करंगळी ठेचली, एकदा कपाटाचं दार थेट कपाळावर बसलं. एका शब्दानं कुरकुर केली नाही. हीच बाई एरवी डास चावला तरी घर डोक्यावर घेणारी.

जसजशा बाई तयार होत गेल्या तसतसा मिस्त्रींचा जीव खाली-वर व्हायला लागला. नाटक बसत चाललं की असंच होतं, म्हणे. पण नाटकात चुकलं तर पडदा पाडता येतो. जावयांनी खुर्ची सरकवली तर? सामान हलवायचं नाही असा मालकाचा नियम आहे म्हणून सांगू. लेकीनं न बोलता हातात काही दिलं तर? मी मधे घुसून घेईन. काही वाचायला दिलं तर? चष्मा घरी राहिला. जेवताना घास हातातच राहायचा आणि ते आपल्याशीच पुटपुटायचे. नजरेआड झालेली पोर शोधायची कशी, हा प्रश्न मात्र बाईंनीच सोडवला होता. त्यांनी मिस्त्रींना भिंगरीसाठी चालताना चूं चूं वाजणारे बूट घ्यायला लावले. पोर जिथं जाईल तिथं कळेल. मिस्त्रींना वाटलं, आता कसली भीती.

निघायचा दिवस तोंडावर आला तेव्हा बाई म्हणाल्या, आज पूर्ण दुपार करून बघूया. लेक आणि जावई होडीतून गेले, जेवून तुमचा डोळा लागला, घरात मी आणि ती. "तुम्ही भिंगरी व्हा."

मिस्त्री भिंगरी झाले. साठी उलटलेला, टक्कल पडलेला, गुडघ्यात वात असलेला बाप्या स्टुलावर बसून दूध मागायला लागला. बाईंनी दाराला कडी घातली, ओट्यापाशी गेल्या, दूध कपात ओतलं, कप आणून बरोब्बर त्याच्या हातात दिला. दूध नको म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं, तर तिनं ते आवाजावरून ओळखलं आणि रागावली. मग सशाची गोष्ट सुरू झाली. ससा घरात बसून कंटाळला होता आणि त्याच्या आजीनं त्याला बाहेर जाऊ नको म्हणून बजावलं होतं. बाईंचा आवाज असा लागला होता की मिस्त्रींना क्षणभर खरंच चार वर्षांचं झाल्यासारखं वाटलं.

आणि त्यांच्या मनात आलं, भिंगरी इतका वेळ बसेल? सबंध गोष्ट तिनं आजवर एका जागी बसून ऐकली होती का? आणि बूट? घरात शिरल्या शिरल्या ती बूट भिरकावते, एक इकडे, एक तिकडे. भूमिका करायची तर नीट करावी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी कप हळूच खाली ठेवला, चपला काढल्या आणि उठले. दाराला कडी होती. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. मग पाय आपोआप समोर गेले. तालमीच्या वेळी ते कायम तिकडूनच बाहेर पडायचे, चार पावलं लांब जायचे आणि वळून आपलं काम बघायचे. तसेच आजही वळले. घर झकास दिसत होतं. मधोमध बायको बसली होती आणि गोष्ट सांगत होती.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आलो कुठून.

या बाजूला त्या घरात काय होतं? त्यांना माहीत नव्हतं. शेगडी विचारली, पलंग विचारला, कपाटाच्या दाराची बिजागरी विचारली, आणि ही एक बाजू विचारलीच नाही. मिस्त्रींच्या धंद्यात ही बाजू नसतेच. तिकडे अंधारात माणसं बसतात. आजवर बांधलेल्या प्रत्येक घराला त्यांनी तीनच भिंती घातल्या होत्या, हेही घर त्यांनी तसंच बांधलं, आणि इतके दिवस तालमी करून ते त्यांना खटकलं नाही. दुसरा कुणी साधा सुतार असता तर पहिल्या दिवशीच विचारून मोकळा झाला असता.

ते पावलं न वाजवता मागे सरकले आणि हॉलच्या पार टोकाला जाऊन राखणदाराला फोन लावला. तोंडावर हात धरून विचारलं, अहो, दाराच्या समोरच्या बाजूला काय आहे?

राखणदार खुलला. तीच तर या घराची गंमत, म्हणाला. ती सगळी बाजू काचेची, उन्हाळ्यात काचा बाजूला सारून मोकळीच ठेवतो. बाहेर लाकडी फळ्या आणि फळ्या संपल्या की पाणी. लोक अंथरुणातून उठून थेट पाण्यात उतरतात.

"कठडा?"

"कठडा कशाला? समोरचं सगळं झाकून जातं. लेकराबाळांचे लोक येतात ना, आपापलं लक्ष ठेवतात."

"खोल आहे?"

"डोंगरातलं तळं ते. काठालाच खोल."

मिस्त्रींनी फोन खिशात टाकला. परत येऊन ते त्याच जागी उभे राहिले, मोकळ्या बाजूला, अनवाणी.

बाई अजून सांगत होत्या. "मग सशानं काय केलं असेल, सांग बघू?" त्या थांबल्या. रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून हसल्या. "नाही सांगणार? बरं, मीच सांगते." आणि पुढे सांगायला लागल्या.

तेव्हा बोलता आलं असतं. एक हाक मारली असती तर संपलं असतं. मिस्त्री बोलले नाहीत. त्यांना रडू येत होतं, बायकोची कणव येत होती, आपण हे काय दुष्टासारखं करतोय असंही वाटत होतं, आणि तरी ते उभेच राहिले. पोर जागेवर नाही हे बाईंच्या लक्षात यायला किती वेळ लागतो, हे त्यांना कळायला हवं होतं. ससा रानात गेला, ससा हरवला, सशाला त्याची आजी सापडली, दोघं घरी आली. बाईंनी गोष्ट शेवटापर्यंत नेली. मधे दोनदा स्टुलाच्या दिशेनं म्हणाल्या, किती गुणाची गं माझी बाय, कशी शांत बसलीये.

"झोपलीस का?" त्यांनी हात पुढे केला. हात स्टुलावर फिरला. मग खाली, जमिनीवर, कपाला लागला, कप कलंडला. त्या सावध झाल्या. "अहो. कुठे आहात?"

"पाण्यात," मिस्त्री म्हणाले.

बाई आधी भडकल्या. ही कसली थट्टा, जिवाला घोर लावायचा काही सुमार आहे का, असं बोलत त्या उठल्या. मग आवाज कुठून आला ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या जिथल्या तिथं थांबल्या. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. काचा, फळ्या, कठडा नाही, काठालाच खोल. काही शब्द त्यांना दोनदा सांगावे लागले.

"बूट?" बाईंनी विचारलं.

"काढले होते. ती नाही का काढत."

"कधी गेलात?"

मिस्त्री पुन्हा काचांचं सांगायला लागले.

"विचारतेय ना मी. कधी गेलात?"

"ससा कंटाळला होता तेव्हा."

म्हणजे गोष्टीची सुरुवातच. बाई खाली बसल्या. सांडलेलं दूध त्यांच्या साडीखाली जात होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मिस्त्री धावत आत आले आणि बडबडायला लागले. आधी जाऊन कठडा ठोकतो. लाकूड इथूनच नेतो. काचा बंद करून कुलूप घालतो. आणि सगळी दुपार मी तिकडच्या बाजूला खुर्ची टाकून बसतो, जागचा हलत नाही.

"जेवण झाल्यावर?" बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. जेवण झालं की मिस्त्रींची मान कलते हे अख्ख्या नाटकगृहाला ठाऊक होतं, आणि मिस्त्रींनाही.

बाईंनी स्टूल जवळ ओढलं, त्यावर हात ठेवला आणि तिथंच ठेवून राहिल्या. मिस्त्रींना वाटलं आता ती म्हणेल, मग जायलाच नको, काहीतरी कारण सांगून टाका. खरं सांगायचं तर त्यांनी कारण शोधूनही ठेवलं होतं. गुडघ्याचं.

"लेकीला फोन लावा," बाई म्हणाल्या. "तोंड दाखवायचं नाही. नुसतं बोलायचंय."

मिस्त्रींनी फोन लावून स्पीकर चालू केला आणि बाईंच्या हातात दिला. लेक घाईत होती, सामान भरत होती. तिनं आईला बोलूच दिलं नाही. भिंगरीची टोपी सापडत नाही, जावयांनी नको तेवढे कपडे घेतलेत, आणि आई, तू जाड स्वेटर घे, तिकडे संध्याकाळी गार होतं. बाईंनी तिचं सगळं संपू दिलं.

मग म्हणाल्या, "मला दिसत नाही."

"अगं, मग नवा चष्मा..."

"चष्म्याचं नाही. डोळे गेले माझे. काहीच दिसत नाही."

हे वाक्य त्यांच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर बोलले होते, पण ते दवाखान्यात. मिस्त्रींनी मान खाली घातली. मग लेकीनं कधीपासून म्हणून विचारलं, आणि थंडीपासून म्हटल्यावर तिचा बांध फुटला. बाबांना माहीत होतं का, असं तिनं विचारलं. मिस्त्रींनी हो म्हटलं. मग ती त्यांना बरंच बोलली आणि त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. तिच्या जागी कुणीही बोललंच असतं.

रागावून झालं, रडून झालं, आणि मग लेक नाक ओढत म्हणाली, "आई, ऐक. काही बदललं नाहीये. ठरल्यासारखंच होणार सगळं. दुपारी भिंगरी तुझ्याकडेच. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

मिस्त्रींनी चमकून बायकोकडे बघितलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, गुडघे फोडून घेतले, कपाळाला टेंगूळ आलं, ते लेक आपणहून देत होती. नुसतं हो म्हणायचं होतं. बाईंचे ओठ हललेही.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिला माझ्याकडे एकटी सोडायची नाही. मी मागितली तरी द्यायची नाही. आज ती माझ्याजवळून उठून गेली आणि मी गोष्ट सांगत बसले होते."

लेकीला काही कळेना. आज कशी, भिंगरी तर इथं आहे, असं ती विचारत राहिली. बाई स्टुलावर डोकं टेकवून रडायला लागल्या, मोठ्यानं, आजवर कधी रडल्या नव्हत्या तशा. मिस्त्रींनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "थांब जरा, बाळा. आई रडतेय."